हात वर करताना

पावाच्या दुकानातल्या किकीने चिमट्यात कुलुरी धरून विचारलं, "किती देऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत तिनेच उजवा हात वर करून पाचही बोटं माझ्या तोंडासमोर फाकली. "पाच?" रांगेतले दोघंतिघं हसले. ती तिळाची कडी मी रोज दोनच घेते, एक मला आणि एक माझ्या भावाला, मिनासला, हे किकीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मीही हसले. न हसून कुठे जाता? बाहेर येऊन बसथांब्यावर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की माझा उजवा हात कोटाच्या खिशात शिरलाय आणि आत मूठ करून बसलाय, मार खाल्लेल्या पोरासारखा. आमच्याकडे ग्रीसमध्ये शुद्धीवर असलेला माणूस दुकानात पाच वस्तू मागतानासुद्धा तळवा स्वतःकडे वळवतो. उघडा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे धरणं म्हणजे त्याच्या तोंडाला राख फासणं. शाळेत उत्तर येत असेल तर मुलं एकच बोट वर करतात, अख्खा हात नाही, कारण बाईंना पंजा दाखवायचा नसतो. मी चार वर्षांची असताना आजीला असा हात दाखवला होता, नुसता खेळ म्हणून, आणि आईने त्या हातावर लाकडी चमचा मारला होता. तो चमचा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, मिनास त्याने डाळ ढवळतो.

ती चित्रफीत एव्हाना निम्म्या अथेन्सने पाहिली होती. जेमतेम दहा सेकंदांची. विमानाच्या पुढच्या दाराशी मी उभी आहे, केस घट्ट बांधलेले, गळ्यात नव्या कंपनीचा लाल रुमाल, आणि हात खांद्यापासून सरळ लांब करून, बोटं फाकून, पार मागच्या दाराशी उभ्या असलेल्या, त्या कंपनीतल्या दानाईला मी पंजा दाखवतेय. मध्ये प्रवाशांची डोकी. कुणाचं तरी खिदळणं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, याला म्हणतात विलीनीकरण. हसू यावं असंच आहे ते, मला कबूल आहे. दुसऱ्या कुणाचा हात असता तर मीही ती चार जणींना पाठवली असती.

झालं होतं ते इतकंच की मी नियम पाळला होता. दारं लागली की आतली आणीबाणीची घसरगुंडी सज्ज करायची, आणि पुढची आणि मागची अशा दोघींनी एकमेकींना लांबून खूण करायची की माझं झालं, तुझं? आमच्या पेलागोस विमान कंपनीत सव्वीस वर्षं मी त्यासाठी अंगठा वर केला. मग व्होरास कंपनीने पेलागोस गिळली. विलीनीकरण हा शब्द वर्तमानपत्रांचा, आम्ही गिळलीच म्हणतो. दोन्हीकडच्या लोकांना एकच शिस्त हवी म्हणून कुठल्याशा परदेशी सल्लागारांनी नवी नियमपुस्तिका लिहिली, तिच्यात खूण होती उघडा पंजा, समोरच्याकडे तोंड करून. प्रशिक्षणाच्या दिवशी एक पिवळ्या केसांचा माणूस वर्गासमोर उभा राहिला आणि त्याने आम्हा चाळीस जणांना हसतमुखाने पंजा दाखवला. आम्ही पोट धरून हसलो. त्याला वाटलं आम्ही त्याच्यावर खूश आहोत, म्हणून त्याने पुन्हा दाखवला. व्होरासच्या पोरींनी त्यावर तोड काढली होती म्हणे, त्या तळवा आपल्याकडे वळवून धरत. पण ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही जुने, सरकारी, आळशी, चहा सांडणारे, म्हणून आमच्यावर नजर ठेवायला त्या चित्रफितीच्या दिवशी विमानात चौथ्या रांगेत निरीक्षक बसला होता. मी पुस्तकात लिहिलंय तसं केलं. अगदी तस्सं.

पण हे मी स्वतःला जितक्या वेळा सांगते तितक्या वेळा तो हात पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येतो आणि मला बघवत नाही. त्यात काहीतरी जास्तीचं आहे. नियमाला इतका लांब हात लागत नाही. त्या सकाळी क्रूच्या खोलीत व्होरासची एक लिपस्टिकवाली पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली होती की आजी पुढचं दार सांभाळतील, म्हणजे बसायला खुर्ची जवळ पडेल. दानाई तिथेच होती. हसली. थोडीशीच, ओठांच्या कडेने, पण हसली. मग तासाभराने माझा हात वर गेला. त्या तासाभरात मी त्या हसण्याचा विचार केला होता का? मला आठवत नाही. मला आठवतं ते फक्त एवढंच की हात पूर्ण ताणल्यावर खांद्याला बरं वाटलं. बरेच दिवस अंग आखडून बसलेल्या माणसाने आळस द्यावा तसं.

आणि नेमकी दानाईच समोर असावी. व्होरासच्या युनियनमध्ये तिचा शब्द चालतो. वय एकतीस, आवाज असा की प्रवासी आपोआप पट्टा बांधतात. कंपनी म्हणत होती की पेलागोसच्या माणसांची नोकरी विलीनीकरणाच्या दिवसापासून मोजायची, म्हणजे माझी सव्वीस वर्षं गेली हवेत आणि मी परवा लागलेल्या पोरीच्या खाली. आमच्या धंद्यात ज्येष्ठता म्हणजे मान नाही, ज्येष्ठता म्हणजे रात्र. ज्याची वर्षं जास्त त्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची ड्यूटी मागता येते. ज्याची कमी त्याला मुक्कामी ड्यूटी, जिथे पाठवतील तिथे झोपायचं. माझा भाऊ मिनास चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि सात वर्षांचा आहे. दिवसभर तो एकटा राहतो, खालची थिओदोरा दोनदा डोकावते. पण अंधार पडल्यावर घरात मी नसेन तर तो दाराशी जमिनीवर बसतो आणि उठत नाही. आई गेली त्या रात्री मी विमानात होते आणि तो तिच्याजवळ एकटाच होता, सकाळपर्यंत. तेव्हापासून मी एकही रात्र बाहेर काढलेली नाही, ते सगळं माझ्या ज्येष्ठतेच्या जोरावर. ती गेली की मिनासला लाव्हरियोच्या बाजूच्या संस्थेत, त्या पिवळ्या इमारतीत ठेवायचं, जिथे खिडक्यांना आतून कड्या नाहीत. मी एकदा पाहून आलेय. स्वच्छ आहे. त्याबद्दल मला एवढंच बोलता येतं.

म्हणून मी दानाईला गाठलं होतं. लुत्सामध्ये समुद्राकाठी एक कॉफीचं दुकान आहे, हिवाळ्यात तिथे मांजरांशिवाय कुणी नसतं. पहिल्या भेटीत ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि मला बाई, बाई म्हणत म्हणाली, "सरळ आहे ना हो. तुमची वर्षं धरली की तुम्ही वर, आम्ही खाली. मी माझ्या पोरींना काय सांगू, तुमच्या रात्री म्हाताऱ्यांना देऊन टाका?" मला ती आवडली ती तिथेच. गोड बोलणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. मी तिला म्हटलं की आज आमची वर्षं पुसली तर उद्या व्होरासला कुणी गिळेल तेव्हा तुझी पुसतील, आणि तेव्हा तू माझ्या वयाची असशील. ती खुर्चीत मागे सरकून नीट बसली. मग आम्ही भेटत गेलो आणि हिवाळाभर त्या मांजरांच्या साक्षीने एक मधला रस्ता काढला. पेलागोसची निम्मी वर्षं धरायची. निम्म्या वर्षांत माझी रात्र वाचत होती, आणि तिच्या पोरींचंही फार जात नव्हतं. दोन्ही युनियनांनी एकत्र सभा घेऊन हे मंजूर करायचं आणि उन्हाळी हंगामाच्या तोंडावर एकत्र संपाची नोटीस द्यायची. एकत्र गेलो तरच कंपनी बोलणार, वेगळे गेलो तर दोघांनाही हिंग लावून विचारणार नाही, हे आम्हा दोघींना पक्कं कळलं होतं. शेवटच्या भेटीत ती मला आरेती म्हणाली, बाई गळलं. मी मिनासचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली की याचे कान तुझ्यासारखे आहेत.

सभा गुरुवारी होती, पंजा सोमवारी. मधल्या दिवसांत माझा फोन थांबला नाही. पेलागोसच्या माणसांना तर सण आल्यासारखं झालं होतं. वर्षानुवर्षं न बोललेले लोक फोन करून म्हणत, शाब्बास, दाखवलास की नाही त्या सटव्यांना. मी सांगायचे की अरे बाबा, नियम होता. ते हसायचे. हो हो, नियमच होता, असंच सांग, आणि पुन्हा हसायचे. आमचा युनियनचा अध्यक्ष पांतेलिस, ज्याच्या घशात तीस वर्षांच्या सिगारेटी बसल्या आहेत, मला म्हणाला, "आरेती, अगं लोक दोन वर्षं मान खाली घालून चालतायत. तुझ्या एका हाताने त्यांची मान वर झाली. आता सफाई देऊन ती परत खाली करू नकोस. गप्प राहा." कंपनीनेही बोलावलं. साहेब म्हणाला की पुस्तकात हात छातीच्या उंचीवर आणि कोपरात वाकलेला सांगितलाय, तुम्ही सरळ केलात. त्याचा मेमो दिला. म्हणजे पंजा दाखवल्याबद्दल नाही, नीट न दाखवल्याबद्दल. दानाईचा फोन आला नाही. मी तिला दोनदा केला. तिसऱ्यांदा तिने उचलला आणि विचारलं, "खरं सांग, नुसता नियमच होता?" मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "होता ना." त्या 'ना'मध्ये जो वेळ गेला तो तिनेही ऐकला असणार. ती म्हणाली की मग गुरुवारी सगळ्यांसमोर एवढंच सांग, माझ्या पोरी पेटल्या आहेत, पण तू स्वतः सांगितलंस तर मी त्यांना सांभाळते.

त्या रात्री गच्चीवर बसले असताना जुन्या विमानतळाच्या बाजूचा अंधार समोर होता. आमचं घर आर्गिरुपोलीत, त्या धावपट्टीच्या अगदी डोक्यावर. लहानपणी विमान उतरताना कपाटातले ग्लास वाजायचे आणि आई म्हणायची, पेलागोस आली. बाकी सगळ्या विमानांना ती नुसतं विमान म्हणायची. आता तिथे गवत आहे. मला देशाच्या कर्जाच्या संकटातला तो उन्हाळा आठवला, जेव्हा चौकात संसदेसमोर रोज संध्याकाळी माणसं जमत आणि हजारो हात एकदम उघडत, त्या इमारतीच्या तोंडाला राख फासायला. मी मिनासला घेऊन गेले होते. त्याला वाटलं सगळे कुणाला तरी हाक मारतायत. त्याने दोन्ही हात वर केले, दहाची दहा बोटं ताणून, आणि इतका आनंदाने ओरडला की शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. मीही केला होता हात वर. तेव्हा त्यात राग होता याबद्दल मला कधी शंका आली नाही. आणि त्याचा काही उपयोग झाला नाही याबद्दलही नाही. मग आत्ताच्या हाताबद्दल मी एवढी का खणत बसले होते? कदाचित पहिल्यांदाच माझ्या हाताने काहीतरी खरोखर घडवून आणलं होतं म्हणून.

सभेसाठी कोरोपीतला लग्नाचा हॉल घेतला होता, स्वस्त पडला म्हणून. खुर्च्यांना सोनेरी कापडाचे फुगे, छताला काचेची झुंबरं. पेलागोसवाले डावीकडे बसले, व्होरासवाले उजवीकडे, मध्ये नवरीला चालायला ठेवतात तसा लाल गालिचा. आमच्यातला एक जण ओरडला, "मुलीकडचे आले का? हुंड्याचं काय ठरलं?" आणि दोन्हीकडचे हसले, तेव्हा क्षणभर मला वाटलं की होईल, निभेल. व्यासपीठावर पांतेलिस आणि दानाई शेजारी शेजारी बसले होते. दानाईने मला नाव घेऊन वर बोलावलं. साधंच बोलली, की सोमवारी जे झालं त्यावर आरेतीला दोन शब्द सांगायचे आहेत. मी माईकसमोर उभी राहिले. माईकला कुठल्यातरी लग्नाची पांढरी रिबीन अजून बांधलेली होती. मी त्या रिबिनीकडे बघत म्हटलं, "सोमवारी मी जे केलं ते फक्त नियमपुस्तिकेत लिहिलं होतं म्हणून केलं."

डावी बाजू हसली. आधी एक जण, मग पुढच्या दोन रांगा, मग सगळे. प्रेमाने हसले ते, आपल्या माणसाच्या हजरजबाबीपणावर हसावं तसे. त्यांना वाटलं मी टोमणा मारला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी म्हणालं की पान नंबर सांग. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ वाक्य मी बोलले होते आणि ते माझ्याच माणसांनी माझ्या तोंडातून काढून विनोद म्हणून वाटून घेतलं. उजवीकडे लिपस्टिकवाली पोरगी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला स्पष्ट दिसलं. आमची थट्टा करायला बोलावलंत का, असं ती दानाईला विचारत होती. मी म्हणाले की थांबा, ऐका, तसं नाही. माईक शिट्टी मारायला लागला. हसणं थांबेना, उजवीकडचे उभे राहायला लागले. मला त्यांना फक्त बसवायचं होतं, दोन मिनिटं, त्या दोन मिनिटांत माझी सगळी रात्र होती. आणि माणूस घाबरून गर्दीला थांबवताना जे करतो ते मी केलं. दोन्ही हात पुढे केले. दोन्ही पंजे, उघडे, उजव्या बाजूच्या तोंडावर.

त्यानंतर काय आवाज झाला ते मला सांगता येत नाही. मला ऐकू येत होतं ते झुंबराच्या काचांचं किणकिणणं, आमच्या कपाटातल्या ग्लासांसारखं. खुर्च्या पडल्या. डावीकडचे नाचत होते. पांतेलिस कपाळाला हात लावून बसला होता. माझे हात अजून हवेत होते, मी ते खाली घ्यायला विसरले होते आणि त्यांच्याकडे बघत होते. दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते ते.

मतदान झालंच नाही. व्होरासवाल्यांनी वेगळी बैठक घेतली आणि कंपनीची अट जशीच्या तशी मान्य केली, नाहीतरी ती त्यांच्या फायद्याचीच होती. आमच्या युनियनने एकटीने एक दिवसाचा संप केला. त्या दिवशी एकही विमान रद्द झालं नाही. सभेच्या संध्याकाळी दानाई मला बाहेर गाड्यांच्या रांगेत भेटली होती. तिच्या पोरी लांब उभ्या राहून बघत होत्या, म्हणून ती जवळ आली नाही. मी म्हणाले की दानाई, तुला माहितेय ना. ती म्हणाली, "माहितेय. पण मला एकटीला माहीत असून काय करू?" मग तिने किल्ली काढली, गाडीचं दार उघडलं आणि आत बसता बसता म्हणाली, "तुम्ही घरी जा, बाई. तुमचा भाऊ वाट बघत असेल." ते बाई मला त्या दिवसातल्या सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या महिन्याची ड्यूटी आली. लार्नाका, ब्रसेल्स, पुन्हा लार्नाका, पुन्हा ब्रसेल्स, पुन्हा लार्नाका, सगळे मुक्काम. थिओदोरा म्हणाली की संध्याकाळी मी येईन गं, पण रात्र मला जमणार नाही, माझ्याच घरात माणूस आजारी आहे. तिचंही बरोबर आहे. पिवळ्या इमारतीत फोन केला, तिथल्या बाई म्हणाल्या की नुसत्या काही रात्रींसाठी आम्ही ठेवत नाही, ठेवायचं तर कायमचं. मी विचार करून सांगते म्हणाले. घरी पोचले तेव्हा मिनासने नेहमीप्रमाणे दोन ताटल्या मांडल्या होत्या, डाळ ढवळून ठेवली होती, पाव झाकला होता. त्याची डाळ संपत आली. मग म्हटलं की मिनास, आता मला कधी कधी रात्रीसुद्धा लांब जावं लागणार आहे. त्याने चमचा खाली ठेवला.

"किती रात्री, ताई?"

मी म्हणाले, थोड्या. त्याला थोड्या कळत नाही, त्याला मोजलेलं कळतं. त्याने उजवा हात टेबलावर आणला, मूठ केली आणि एक बोट उघडून माझ्याकडे पाहिलं. त्याने दुसरं उघडलं आणि पुन्हा पाहिलं. प्रत्येक बोटाला तो थांबत होता, मी बस म्हणेन म्हणून. तिसरं. चौथं उघडताना त्याला नेहमी त्रास होतो, ते त्याने दुसऱ्या हाताने सरळ केलं. मग अंगठा. हात माझ्या तोंडासमोर पूर्ण उघडला तसा तो दचकला, कारण आईने त्यालाही शिकवलं होतं, आणि मी रागावले का ते बघायला माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पण हात त्याने खाली घेतला नाही.

"एवढ्या?"

"एवढ्या," मी म्हणाले. "या महिन्यात."

त्याने जरा विचार केला. मग दुसरा हातही वर आणला आणि पुढच्या महिन्यासाठी पहिलं बोट उघडलं.